फाल्गुनातले पानगे

१

सदाशिवराव भोयर रविवारी संध्याकाळी स्वतःच्या शेतात पोटभर पानगे जेवले आणि सोमवारी पहाटे सावंगीच्या दवाखान्यात वारले. वय चौऱ्याहत्तर, तब्येत ठणठणीत, आणि निम्म्या रोहणा गावाशी भांडण. त्यामुळे गावाने हळहळ केली ती बेताचीच. पण मंगळवारी डॉक्टरांचा कागद आला. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, तोंडाला लाळ सुटली होती. अन्न नासल्याची ही लक्षणं नव्हती, पिकावरच्या औषधाची होती. मग मात्र गावाला सगळं आधीपासूनच माहीत होतं. स्वयंपाक मजुरीवर बोलावलेल्या शोभाबाईने केला होता. शाळेतल्या खिचडीत अळ्या निघतात अशी तक्रार करून गेल्या वर्षी सदाशिवरावांनीच तिचं शाळेतलं काम घालवलं होतं. आणि औषधाची बाटली कापसाच्या गावात कोणाच्या घरी नसते?

अंकुश लोणारे हा ठाण्यातला जमादार. तो मंगळवारी दुपारी इंदिरा झाडे यांच्याकडे आला, तेव्हा बाई वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनने दुरुस्त करत बसल्या होत्या. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना हे काम कोणी दिलेलं नव्हतं. लोक चुकतात आणि आपण त्या चुका दाखवतो, अशी जगाची वाटणी त्यांनी स्वतःपुरती केव्हाच करून टाकली होती. अंकुश त्यांच्या हाताखालून गेलेला, शोभाबाईही.

"शोभा तोंडच उघडून नाई राह्यली, बाई," तो म्हणाला. "साहेब म्हनते, दिवस मावळाच्या आत उचला तिले. तुमी एकडाव बोलून पाहा. तुमचं ऐकीन ते."

त्याने जबाबांचे कागद पुढे केले. जेवायला सहा माणसं होती. सदाशिवराव, त्यांचा मुलगा रजत, पुतण्या देवेंद्र, देवेंद्रची बायको नमिता, शेतावरचा गडी श्रावण आणि स्वतः शोभाबाई. कणीक एकच, वरण एकच, वांग्याची भाजी एकच. त्यातले दोघंच आजारी पडले. सदाशिवराव गेले आणि श्रावण अजून बेशुद्ध होता. बाई वाचत गेल्या आणि एका ओळीवर त्यांचं लाल पेन थांबलं. 'पळसाच्या पानात लावून गोवऱ्यांच्या राखेत भाजलेले पानगे.'

"हे पानांचं कोणी सांगितलं?"

"रजतनं, देवेंद्रनं, नमितावहिनीनं. तिघायचं एकच हाये. पानगे पानातच भाजते ना, बाई."

बाई त्याला ओट्यावर घेऊन आल्या. रस्त्यापलीकडे पळस उभा होता, शेंड्यापासून बुंध्यापर्यंत केशरी फुलांनी भरलेला, आणि त्याला एकही पान नव्हतं. अंकुश रोज त्याच झाडाखालून मोटारसायकल नेत होता.

"फाल्गुन आहे, अंकुश. वाळलेलं पान पत्रावळीला चालतं, राखेत घातलं की जळून जातं. पानग्याला हिरवं पान लागतं. ते या लोकांनी कुठून आणलं?"

अंकुश झाडाकडे बघत राहिला. तिघांनी एकच खोटं सांगितलं होतं, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने लिहून घेतलं होतं.

२

बाई आणि अंकुश पोचले तेव्हा रजत घरासमोरच्या मांडवात डोकं भादरून बसला होता. तो सावंगीला कॉलेजच्या ऑफिसात कारकून होता आणि शनिवार-रविवारी गावी यायचा. बाईंनी आधी सांत्वन केलं, ते त्यांना फारसं जमत नसे, आणि मग पानं कोणी आणली ते विचारलं. रजत म्हणाला, श्रावणने. श्रावण बेशुद्ध होता, तेव्हा त्याला विचारायची सोय नव्हती. शेजारी देवेंद्र बसला होता. गावातलं कृषी केंद्र त्याचं, आणि गावातल्या प्रत्येक फोटोत तो मधोमध उभा असायचा. तो त्याच वेळी म्हणाला की पानं शोभाबाईने आणली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी पाहिलं नाही असं दाखवलं. परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरांना त्या अशाच सापळ्यात घेत असत.

वाढलं कोणी, असं विचारल्यावर मात्र दोघं एका सुरात म्हणाले, शोभाबाईने. प्रत्येकाचा पानगा तिनेच हातात दिला. म्हणजे कोणाला काय द्यायचं ते तिच्याच हातात होतं, हे देवेंद्रने वरून समजावून सांगितलं. ते सांगताना त्याने अंकुशकडे पाहिलं, बाईंकडे नाही.

तिथून बाई शेतावर गेल्या. आंब्याखाली जेवण झालं होतं. आगटीची जागा काळी पडलेली, पण राखेचा कणही शिल्लक नव्हता. आजूबाजूला खराट्याच्या रेघा दिसत होत्या. शेजारच्या शेतात हरभरा काढणाऱ्या बायकांनी सांगितलं की सोमवारी सकाळी देवेंद्रभाऊ येऊन स्वतः झाडून गेले, आणि राख घमेल्याने विहिरीत टाकली.

"सख्खा काका दवाखान्यात मरून पडला," बाई परतताना म्हणाल्या, "आणि हा माणूस शेत झाडायला आला. यानं जन्मात स्वतःच्या दुकानात खराटा धरला नसेल."

अंकुशने घड्याळ पाहिलं. दिवस मावळायला दोन तास होते.

३

शोभाबाईच्या घरी चूल थंड होती. ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिची मुलगी अपेक्षा, एकोणीस वर्षांची, दाराशी उभी होती. बाईंनी अंकुशला बाहेर थांबायला सांगितलं. मग त्या शोभाबाईसमोर बसल्या आणि एकच वाक्य बोलल्या. "कागदात भाजले ना?"

शोभाबाईने डोळे मिटले. बाकीचं नंतर आपोआप आलं. रजतने मोबाईलवर पाहिलं होतं की मोठाल्या शहरांत मासळी न् भाज्या कागदी लिफाफ्यात घालून भाजतात. पळसाला पान नाही तर लिफाफे घेऊ, तो म्हणाला, आणि नमितावहिनीच्या बचत गटाने मेडिकलच्या दुकानांसाठी केलेले लिफाफे घेऊन आला. शोभाबाई नको म्हणाली. केळीचं पान आणा, नाहीतर पानगे राहू द्या, बिनपानाचे रोडगे करतो, म्हणाली. सदाशिवरावही म्हणाले की शोभाचं ऐक. पण रजतने लिफाफे पाण्यात बुडवून ओले केले, एकेकात एकेक पानगा घातला आणि गरम राखेत पुरले. जेवताना ज्याने त्याने आपला आपण काढून घेतला. शोभाबाईने कोणाच्या हातात काही दिलं नव्हतं.

"मग हे पोलिसांना का नाही सांगितलं?"

"लिफाफे माह्या पोरीनं केलेले हायेत, बाई. थे खळीत मोरचूद टाकते. मोरचूद जहर असते ना? माह्यं काय, म्या जगून घेतलं."

गव्हाच्या खळीला बुरशी लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालायचं, हे गटाच्या प्रशिक्षणात बाईंनीच शिकवलं होतं. आपल्या शिकवण्यानेच माणूस मेला की काय, अशी शंका त्यांना आली. मग त्यांच्यातली विज्ञानाची बाई मदतीला आली. मोरचुदाने ओकाऱ्या होतात, निळसर हिरव्या. बाहुल्या अशा बारीक होत नाहीत. आणि सगळ्या लिफाफ्यांना खळ एकाच पातेल्यातली होती, मग सहांतले चार ठणठणीत कसे? "मोरचूद नाही," त्या ठामपणे म्हणाल्या. "तुझ्या पोरीने काही केलेलं नाही." शोभाबाई पहिल्यांदाच रडली.

आता लिफाफा पाहायला हवा होता. पण लिफाफे उरलेच नव्हते. हायवेवरच्या जाम गावातल्या ढाब्यावरून मोठी ऑर्डर आली म्हणून देवेंद्रभाऊंनी सोमवारी सकाळीच सगळा गठ्ठा उचलून नेला होता. काका वारल्यावर तीन तासांत. एक तेवढा राहिला होता, त्यात अपेक्षा टिकल्या आणि पिना ठेवायची. बाईंनी तो हातात घेतला. बाहेरून स्वच्छ, तपकिरी, कडा सरळ. त्यांनी त्याची जोडणी उकलली आणि कागद सपाट केला. आतल्या बाजूला जांभळट डाग होते, आणि घडीत बारीक, खरखरीत भुकटी अडकलेली होती.

"कागद कुठून आणता?"

"देवेंद्रभाऊ देते," अपेक्षा म्हणाली. "पोते उकलून, झटकून. बियाण्याचे हायेत म्हनते. एका पोत्याले तीन कागद निघते, एकावर एक ठेवून संगच कापतो. वरच्यावर छापेल असते, त्यातला मधातला तुकडा भाऊनं कापून ठेवला राह्यते. मधला कोरा. अन सगळ्यात आतल्यावर असे डाग."

"आणि डागाची बाजू आत का घेतली?"

अपेक्षाने शाळेत उत्तर द्यावं तसं सरळ उभं राहून सांगितलं. "तुमीच सांगतलं ना, बाई. दिसणारी बाजू कोरी पायजे, डाग आत घ्यायचा. त्यावर तुमी मले पयला नंबर देल्ला होता."

४

बाईंनी लिफाफ्याची घडी घालून पिशवीत ठेवली. अंकुशने बाहेर विचारलं, काही कळलं का. त्या म्हणाल्या, अजून बघावं लागेल. खरं तर बघायचं काही उरलं नव्हतं. जांभळ्या रंगाचं दाणेदार औषध कोणत्या किडीसाठी टाकतात हे रोहण्यातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. अर्ध्या तासाने अंकुशने शोभाबाईला जीपमध्ये बसवलं. बाई स्वतःच्या ओट्यावरून ते पाहत होत्या आणि पिशवी त्यांच्या मांडीवर होती.

बुधवारी कोर्टाने तीन दिवसांची कोठडी दिली. त्याच दुपारी बाई कृषी केंद्रात गेल्या. देवेंद्रने खुर्ची दिली, चहा मागवला. बाईंनी लिफाफा काउंटरवर उलगडला आणि बोलायला सुरुवात केली. तीनपदरी पोतं, तीन कागद, गठ्ठ्यात त्याच क्रमाने एकामागून एक. वरचे सहा उचलले की त्यात दोन सगळ्यात आतल्या पदराचे येणारच. म्हणून दोघंच पडले. त्या दोघांशी कोणाचं वैर होतं म्हणून नाही. राखेतून काढताना ज्याच्या हाताला जो लागला तो त्याने घेतला. कागद ओला केला, तापला, आणि त्यात जे होतं ते कणकेत उतरलं. औषधाची रिकामी पोती फाडून पुरायची असतात, हे दुकानदाराला कळतं. ती 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून बायकांना वाटायची नसतात. आणि धोक्याची खूण छापलेला तुकडा तेवढा आठवणीने कापून घेतला, म्हणजे अजाणता झालं असंही म्हणता येत नाही.

देवेंद्र शांतपणे ऐकत होता. चहा आला, त्याने कप बाईंकडे सरकवला.

"खरं आहे, बाई. मीच दिले. मेडिकलवाले गोळ्या घालून देतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कोणी त्यात अन्न भाजेल असं स्वप्नातही नव्हतं. पण डाग आत लपवायला मी नाही शिकवलं. डाग बाहेर राहिला असता तर शोभाने तो लिफाफा हातात तरी धरला असता का? माझं लायसन जाईल. तुमचं काय जाईल ते तुम्ही पाहा. शोभाविरुद्ध पुरावा नाही, महिन्या-दोन महिन्यांत सुटेलच."

बाई उठल्या. चहा त्यांनी घेतला नाही, एवढाच त्यांचा बाणेदारपणा. घरी आल्यावर त्यांनी स्वतःशी बराच वाद घातला. आपण शिकवलं ते मेडिकलच्या दुकानात द्यायच्या लिफाफ्यांसाठी, खाण्यासाठी नव्हे. आपण शिकवलं तेव्हा कागद जुन्या वह्यांचा होता, शाईचे डाग होते. पोती नंतर आली, आपल्याला कोणी विचारलं नाही. प्रत्येक मुद्दा बरोबर होता आणि प्रत्येकाला त्यांनी मनातल्या मनात गुण दिले. पण वर्गात उभं राहून, कागद कुठून आला आहे ते आधी विचारा, एवढं एक वाक्य त्या बोलल्या नव्हत्या. लिफाफा दिसायला सुबक झाला पाहिजे, यातच त्यांचा सगळा जीव होता. बत्तीस वर्षांची अब्रू होती त्यांची, आणि ती गमावण्याची त्यांना भीती वाटली. साधी, नागडी भीती. म्हणून बुधवारही तसाच गेला.

गुरुवारी सकाळी अपेक्षा आली. आत आली नाही, पायरीवरच उभी राहिली.

"बाई, मी ठाण्यात चाल्ली. सांगून देतो का मोरचूद म्या जास्त टाकलं. मले पकडतीन अन माईले सोडतीन. तुमी फक्त एक चिठ्ठी लिहून द्या, मोरचुदानं मानूस मरते म्हनून. तुमचं लिहेलं सगळे मानते."

तिने कोरा कागद आणि पेन सोबत आणलं होतं. बाईंनी तो कागद हातात घेतला, कारण तो न घेणं त्यांना जमलं नाही. मग चपला घातल्या.

५

ठाण्यात साहेबांच्या खोलीत रजत, देवेंद्र आणि नमिताला बोलावून घेतलं. शोभाबाईला महिला शिपायाने कोठडीतून आणून बाकावर बसवलं आणि अपेक्षा तिच्याजवळ जाऊन बसली. बाईंनी फळ्यासमोर उभं राहावं तसं उभं राहून सगळं क्रमाने सांगितलं. पळसाला पान नव्हतं, तरी तिघांच्या जबाबात ते होतं. शेत झाडलं होतं. जामची ऑर्डर कोणत्याच ढाब्याने दिलेली नव्हती. अंकुशने तेवढ्यात चार फोन करून खात्री करून घेतली. तीन पदर, सहा लिफाफे, दोन माणसं. लिफाफा त्यांनी टेबलावर ठेवला आणि तो प्रयोगशाळेत पाठवा, देवेंद्रच्या गोदामात तसलीच पोती सापडतील, असं सांगितलं.

देवेंद्र म्हणाला, हे सगळं बाईंचं डोकं आहे, पुरावा नाही. तेव्हा बाई रजतकडे वळल्या.

"रजत, मोबाईलवर दाखवतात तो कागद भाजण्यासाठीच केलेला असतो. वाण्याच्या पुडीचा, रद्दीचा, पोत्याचा कागद विस्तवाजवळ नेला की त्याची खळ, शाई आणि त्यात जे काही असेल ते सगळं अन्नात उतरतं. तुला हे माहीत नव्हतं, हा गुन्हा नाही. पण पानांचं खोटं का बोललास?"

रजतच्या भादरलेल्या डोक्यावर घाम आला होता. तो एकदम बोलला. "दादा म्हणाला, कागदाचं नाव काढलं तर बापाला तू मारलं असं होईल. शोभाचं बाबांशी भांडण होतंच, पोलीस तिकडेच जातील, म्हणाला. बाबा म्हणत होते, शोभाचं ऐक. दोनदा म्हणाले. मीच हसलो त्यांना." नमिताने पदराने तोंड झाकलं. देवेंद्रला साहेबांनी तिथेच बसवून ठेवलं, आणि दुपारपर्यंत गोदामातून बावीस रिकामी पोती आली, खुणेचे तुकडे कापलेली.

जबाब लिहायला अंकुश बसला. त्याचं अक्षर अजून शाळेतलंच होतं, तिरपं. प्रशिक्षणाच्या जागी आल्यावर त्याने आवाज खाली घेतला.

"बाई, डाग आत घ्याचं थे बायायनं आपल्या मनानं केलं असं लिहितो. तुमचं नाव काऊन घालाचं?"

"घाल. मी शिकवलं, असंच लिही."

त्याने लिहिलं. त्याला वाटलं, झालं. मग त्याने रकाना पाहिला.

"लिफाफ्याचं तुमाले समजलं कधी? तारीख टाका लागते."

आज म्हटलं असतं तरी चाललं असतं. अंकुशने आजचीच तारीख टाकायला पेन टेकवलंही होतं. देवेंद्रला खरं माहीत होतं, पण त्याचं आता कोण ऐकणार? बाकावरून शोभाबाई बाईंकडे पाहत होती. आपली बाई शेवटी आली, असं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं, आणि ते बाईंना बघवेना.

"मंगळवार," बाई म्हणाल्या. "दिवस मावळायच्या आधी."

अंकुशचं पेन थांबलं. त्याच वेळी त्याने शोभाबाईला जीपमध्ये बसवलं होतं, आणि बाई ओट्यावर बसल्या होत्या हेही त्याला आठवलं. त्याने मान खाली घालून तारीख टाकली.

शोभाबाईला समजायला जरा वेळ लागला. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मग ती बाईंना म्हणाली, अगदी हळू, रागावल्याचा सूरही नव्हता, "दोन्ही रात्री मी जागी होती, बाई. मले वाटे, सकाळी तुमी येसान."

साहेबांनी खाकरून सांगितलं की कोर्टाचा हुकूम उद्या मिळेल, तोवर आजची रात्र इथेच काढावी लागेल, नियमच आहे. अपेक्षा त्यांच्याशी वाद घालायला उठली. शोभाबाईने तिला हात धरून बसवलं, बाईंना वाकून नमस्कार केला, शाळेपासून करत आली तसाच, आणि महिला शिपायाने सांगायच्या आधी स्वतःच उठून आत गेली.